धडगावच्या गेटवेंना झीरो ट्रस्ट: सुरुवात कुठून करायची?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: धडगाव-अक्कलकुव्याकडे पाऊस आणि पाणीपातळी मोजणारे सरकारी ४जी गेटवे (मोजमापं मोबाइल नेटवर्कवरून पुढे पाठवणाऱ्या पेट्या) व्हीपीएनवर, म्हणजे कूटबद्ध खासगी वाटेवर आहेत, मग झीरो ट्रस्टसाठी (कुणावरही आपोआप विश्वास न ठेवता दर वेळी तपासणी) आणखी काय हवं?

बरंच काही. एक पेटी फोडून व्हीपीएनची किल्ली (गुप्त कोड) काढली की चोर थेट तुमच्या नेटवर्कात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या झीरो ट्रस्टवरच्या ८००-२०७ या दस्तऐवजात (२०२०) मूळ मुद्दा हाच आहे: नेटवर्क आपलं आहे म्हणून कुणाला आत घ्यायचं नाही.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. प्रत्येक गेटवेची खासगी किल्ली त्याच्याच टीपीएम २.० चिपमध्ये (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप) तयार करा. ठेकेदार एकच इमेज (सॉफ्टवेअरची तयार प्रत) सगळ्या पेट्यांवर उतरवतात, किल्लीसकट. तसं झालं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. डेटा पाठवणारा एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल कूटबद्ध ८८८३ पोर्टवर, दोन्ही बाजूंनी डिजिटल प्रमाणपत्र, आणि ब्रोकरवर (संदेश घेऊन वाटणारा सर्व्हर) गेटवेला फक्त स्वतःच्या टॉपिकवर, म्हणजे स्वतःच्या संदेश-कप्प्यात, लिहायची परवानगी.

आता सगळ्यात जास्त अडतं ते घड्याळावर. आरटीसीचा (पेटीतल्या घड्याळाच्या चिपचा) सेल संपलेला असला की वीज जाऊन आल्यावर तारीख मागे जाते, प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ ठरतं आणि व्हीपीएन लागत नाही. एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून वेळ देणारा) व्हीपीएनच्या आत असेल तर वेळही मिळत नाही. पेटी कायमची अडकते, माणूस पाठवावा लागतो. म्हणून वेळेचा एक स्रोत व्हीपीएनबाहेर ठेवा, जीपीएस उत्तम. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवीत, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची.

प्रमाणपत्राची मुदत २४ तास ठेवू नका. सातपुड्यात रेंज दोन-दोन दिवस गायब असते. ९० दिवस ठेवा, ३० उरले की नूतनीकरण सुरू. रेंज नसताना नोंदी डिजिटल सही करून पेटीतच साठवायच्या. पाण्याचा दरवाजा उघड-बंद करण्याचा दूरचा हुकूम मात्र ताज्या तपासणीशिवाय मुळीच मानायचा नाही. हा नियम आधीच लेखी ठरवा, पुराच्या रात्री नव्हे.

मॉडबस या यंत्रांमधल्या जुन्या प्रोटोकॉलला स्वतःची ओळखतपासणी नाही. पीएलसी (यंत्रं चालवणारा नियंत्रक) वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवा, ५०२ पोर्ट फक्त गेटवेला, त्यातही फंक्शन कोड (हुकमाचे क्रमांक) ३ आणि ४, म्हणजे वाचण्याचे, एवढेच; ५, ६, १५, १६ लिहिण्याचे आहेत, दरवाजा दूरून चालवायचा नसेल तिथे ते अडवा.

मे महिन्यात पेटी तापते म्हणून तिचं दार उघडं राहतं आणि टॅम्पर स्विचचा (दार उघडलं की कळवणारा) इशारा रोजचाच होऊन बसतो. ७० अंश सोसणारा औद्योगिक गेटवे घ्या, दार बंद ठेवा, आणि तो इशारा आला की त्या पेटीचं प्रमाणपत्र लगेच स्थगित करा.