टाइमशीटमध्ये नसलेले तास

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. तीन वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. एसी ऑफिस, न्यायला-आणायला बस, कँटीन आणि पगार असा, की तिच्या बाबांना एसटीतून निवृत्त होतानाही एवढा नव्हता. सुरुवातीला फोनवर नुसतं ऑफिसचं कौतुक चालायचं. आता म्हणते, ‘आई, काम आवडतं गं, पण ही नोकरी नको.’ मला हे उलगडत नाही. दिवाळीला आली, तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही लॅपटॉप उघडून बसलेली. या कंपन्यांमध्ये मुलांना नेमकं काय आवडतं आणि काय सलतं? तिची समजूत कशी काढू?
– एक आई, जळगाव

ताई, तुमच्या मुलीचं ते वाक्य मला वाचताक्षणी पटलं. पुण्यातल्या आयटीत मी वीसेक वर्षं काढली, बरीचशी टेस्टिंगमध्ये आणि पुढे टीम सांभाळत. काम आवडतं आणि नोकरी नको, हे मी कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते सगळे खरंच बोलत होते.

आधी आवडतं काय, ते सांगते. बाहेरून कँटीन आणि काचेच्या इमारती दिसतात, पण मुलं रमतात ती डोकं चालवायला मिळतं म्हणून. आमच्याकडे एका परदेशी विमा कंपनीचं काम होतं. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख काढणारा प्रोग्रॅम तयार झाला होता, सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. मी २९ फेब्रुवारीला घेतलेली एक पॉलिसी टाकून पाहिली. पुढच्या वर्षी ती तारीखच नाही, त्यामुळे प्रोग्रॅमने पॉलिसी संपल्याचं दाखवलं आणि नूतनीकरणाची नोटीस काढलीच नाही. नियमाने हप्ता भरणाऱ्या एखाद्या माणसाचा विमा त्याच्या नकळत बंद पडला असता. ज्याने तो कोड लिहिला होता, तो मुलगा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचून काढली. त्या दिवशी जेवायचं राहिलं, आणि राहिलंय हे संध्याकाळपर्यंत लक्षातही आलं नाही.

दुसरं म्हणजे, इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पंचविशीतली मुलगी पंधरा वर्षं सीनियर असलेल्या माणसाला भर मीटिंगमध्ये ‘हे चुकतंय’ म्हणू शकते, आणि चांगल्या टीममध्ये ते ऐकूनही घेतलं जातं. तुमच्या यजमानांना विचारून बघा, डेपो मॅनेजरला कंडक्टरने असं नावाने हाक मारून सांगितलेलं चाललं असतं का? जळगाव, लातूर, चंद्रपूरहून आलेल्या मुलींना या मोकळेपणाची किंमत फार असते. हा मोकळेपणा सोडताना त्यांचा जीव तुटतो, हे लक्षात ठेवा.

आता सलतं काय? हिंजवडीच्या वाटेवर वाकडला होणाऱ्या वाहतूक कोंडीवर सगळेच वैतागतात, तिच्यावर जागा घालवत नाही. पगाराची तक्रार मात्र रास्त आहे. मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्या कंपन्यांमध्ये, नव्या मुलांचं वार्षिक पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतं आहे, आणि तेवढ्या काळात पुण्यातली भाडी कुठल्या कुठे गेली.

पण मुलं खरी थकतात ती संध्याकाळ हातची गेल्याने. क्लायंट, म्हणजे काम देणारी कंपनी, अमेरिकेतली असली की मीटिंग तिकडच्या घड्याळाने ठरते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की सोमवारपासून तीच मीटिंग आपल्याकडे साडेआठला! ते थेट मार्चपर्यंत. घरात कुणी काही ठरवलेलं नसतं, तरी जेवणाची वेळ बदलते, बाळाला झोपवायची वेळ बदलते. आणि क्लायंटच्या कॅलेंडरवर लक्ष्मीपूजन नसतंच.

तरीही नुसत्या उशिरावर मुलं राजीनामा देत नाहीत. त्याच्याही आत एक गोष्ट आहे, टाइमशीट. कोणत्या प्रोजेक्टवर किती तास काम केलं, ते दर शुक्रवारी भरायचं. क्लायंटशी करार आठवड्याला ४० तासांचा असला की ४०च भरायचे. मी होते त्या कंपनीत ४४ टाकले, की शीट ‘दुरुस्त करा’ असा शेरा मारून परत यायची. शनिवारी रात्री रिलीजसाठी, म्हणजे तयार प्रोग्रॅम क्लायंटकडे चालू करण्यासाठी, जागून काढलेले तास, रोजचा रात्रीचा कॉल, कशाचीच कुठे नोंद नाही. पैसे मिळत नाहीत ते मिळत नाहीतच, वर ते काम झालंच नाही असं आपल्याच हाताने लिहून द्यायचं. हे मुलांना फार लागतं, आणि ते घरी सांगताही येत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती चार आकडे भरण्याची क्षुल्लक गोष्ट वाटते.

ती क्षुल्लक नसते. वर्षाअखेरीला रेटिंगच्या, म्हणजे कुणाच्या कामाला कोणती श्रेणी द्यायची ते ठरवण्याच्या, बैठकीत मॅनेजर बसतात. वरच्या श्रेणीत किती टक्के माणसं बसवायची, ते आधीच ठरलेलं असतं. माझ्या टीममधल्या एका मुलीने वर्षभर रात्रीचे रिलीज सांभाळले होते. मी तिचं नाव लावून धरलं, तेव्हा मला विचारलं गेलं, ‘डेटा काय आहे?’ टाइमशीट उघडली. आठवड्याला ४० तास, बाकीच्यांसारखेच. तिला मधली श्रेणी मिळाली.

त्यात आता धास्तीची भर पडली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांच्या २ टक्के माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, वर्षात ३५ दिवसांहून जास्त राहायचं नाही असा नियमही तिथे आला. अशा बातम्यांनी बाकीच्या कंपन्यांतली मुलंही ‘हा कॉल मला जमणार नाही’ म्हणायला कचरतात.

म्हणून ताई, ‘एवढा पगार सोडून करणार काय?’ हा प्रश्न तिला विचारू नका. क्लायंट कुठल्या देशातला आहे, ते विचारा. इंग्लंड-जर्मनीच्या प्रोजेक्टवर संध्याकाळ बरीच हाताशी राहते. एका प्रोजेक्टवर दीड-दोन वर्षं झाली, की बहुतेक मोठ्या कंपन्यांत आतल्या आत बदली मागता येते. तिची तीन वर्षं झाली आहेत, तिने हक्काने मागावी. शिवाय परदेशी कंपन्यांनी पुण्यात स्वतःची केंद्रं काढली आहेत. कॉल तिथेही असतात, पण तास दुसऱ्या कुणाला विकायचे नसल्याने टाइमशीटचा हा जाच सहसा नसतो. मुलाखतीला गेली, की तिथल्या टीममधल्या माणसाला तिने सरळ विचारावं, ‘काल तुमचा शेवटचा कॉल किती वाजता संपला?’

आणि तोवर एक करायला सांगा. रात्री काम झालं, की लगेच मॅनेजरला दोन ओळींचा मेल टाकायचा: अमुक वाजता सुरू केलं, अमुक वाजता संपलं, कॉम्प-ऑफ (जादा कामाच्या बदल्यातली सुट्टी) कधी घेऊ? त्या बैठकीनंतर मी माझ्या अख्ख्या टीमला ही सवय लावली. पुढच्या वर्षी त्याच मुलीच्या मेलची फाइल घेऊन मी बैठकीला गेले, आणि तिला वरची श्रेणी मिळवून दिली.

प्रश्न: एका सॉफ्टवेअर कंपनीत मला ४ वर्षं ७ महिने झाले. बेसिक ४० हजार. दुसरीकडून महिन्याला २० हजार जास्त मिळतायत, पण मित्र म्हणतात ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं पूर्ण कर. थांबू का?
– एक वाचक, खराडी

आधी हिशेब करा. शेवटच्या बेसिकला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. नुसतं बेसिक धरलं, तर तुमचे पाच वर्षांचे साधारण १ लाख १५ हजार होतात. नव्या पगारात ते सहा महिन्यांत भरून निघतात.

पण कदाचित दोन्ही पदरात पडेल. तुमची नोटीस ९० दिवसांची असेल, तर आज राजीनामा दिलात तरी शेवटच्या दिवशी ४ वर्षं १० महिने होतील, कारण नोटिशीचा काळ नोकरीतच धरतात. पाचव्या वर्षात २४० दिवस, आणि पाच दिवसांचा आठवडा असेल तर १९० दिवस भरले, की ते वर्ष पूर्ण मानावं, असा १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाने लावला होता. अनेक कंपन्या तो मान्य करतात, काही पूर्ण पाच वर्षांवर अडून बसतात. तुमची कंपनी काय करते, ते एचआरकडून मेलवर लेखी घ्या आणि मगच राजीनाम्याची तारीख ठरवा.