गोळीचा दिवस किती वाजता संपतो?

प्रिय मुली,

लायसन्स मिळालं, मनापासून अभिनंदन! आता तुझ्या प्रश्नाकडे येते. गाडी चालवायची असेल त्या दिवशी एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकत नाही त्या त्रासाची, गोळी घेऊ नकोस, डोक्याचं औषध आहे, गुंगी येईल, असं घरचे म्हणतात. त्यांची काळजी मला कळते. पण तू घेतेस ते मिथाइलफेनिडेट झोपेचं औषध नाही. त्यामुळे मेंदूत निरोप पोचवणारी डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनं जास्त वेळ कामी येतात आणि लक्ष टिकतं. स्टिअरिंगवर बसल्यावर तुला तेच हवं आहे.

अमेरिकेतल्या २३ लाखांहून अधिक एडीएचडी रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच माणसाचे औषधाचे महिने आणि बिनऔषधाचे महिने त्यात ताडून पाहिले होते. औषधाच्या महिन्यांत वाहन अपघातामुळे रुग्णालयात तातडीनं जावं लागण्याची शक्यता पुरुषांत ३८ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी आढळली. नोंदींवरून कारण पक्कं ठरत नाही, पण तुलना त्याच माणसाशी असल्यानं मला हा पुरावा वजनदार वाटतो. त्यामुळे गोळी चुकवून गाडी काढू नकोस.

मला खरी काळजी वाटते ती संध्याकाळनंतरची. साधी गोळी तीन-चार तास चालते. सावकाश विरघळणारी, प्रकाराप्रमाणे, आठ ते बारा तास. सकाळी आठला घेतलेली गोळी रात्री नऊला तुझ्यासोबत नसते. आणि आपल्याकडे गणपतीला गावी निघायचं म्हणजे ऑफिस उरकून, जेवून, रात्रीच. माणगाव-महाडपर्यंत मध्यरात्र उलटते, समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत असतात आणि औषध केव्हाच उतरलेलं असतं. काहींना ते उतरताना तासभर जास्तच चिडचिड आणि अस्वस्थता होते. त्या वेळी गाडी दुसऱ्याच्या हाती दे. रात्रीसाठी स्वतःच्या मनानं जादा गोळी तर मुळीच घेऊ नकोस. तिनं झोप उडेल, पण थकवा तसाच राहील, आणि छातीत धडधड वाढेल ती वेगळीच. पहाटे निघालात तर गोळी लागू व्हायला अर्धा-एक तास लागतो हे लक्षात ठेव. पहिला टप्पा भावाला चालवू दे.

डोस किंवा औषध बदललं की पहिले काही दिवस गाडी नको. चक्कर येते का, नजर धूसर होते का, ते आधी कळू दे. डॉक्टरांनी कधी अ‍ॅटोमॉक्सेटीन हे एडीएचडीचं दुसरं औषध दिलं तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि कुणाकुणाला त्यानं पेंगही येते. दारूबद्दल कायदा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतो, पण तुझ्यासाठी ती शून्यच धर. गोळीमुळे चढलेली जाणवत नाही, हात मात्र ढिले पडलेले असतात.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतलं आहे. चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि हे औषध सगळ्याच दुकानांत नसतं. प्रवासाच्या आदल्या दिवशी पाकीट रिकामं असण्याची वेळ येऊ देऊ नकोस. आठवडाभर आधीच आणून ठेव.

फोन डिकीत टाक, गोळी घेतली असली तरी. आणि ऑटोमॅटिकच्या मागे लागू नकोस. व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कॉक्स यांच्या गटानं एडीएचडी असलेल्या मोजक्या तरुणांवर प्रयोग केला, त्यात गिअरच्या गाडीत मुलं जास्त सावध राहिली. प्रयोग लहान होता, पण मला तो पटतो: क्लच-गिअर सांभाळताना मनाला भटकायला फार सवड मिळत नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं विचार: माझ्या गोळीचा परिणाम किती वाजता ओसरतो, आणि मी रात्री नऊला घरी परतते तेव्हा काय करायचं? ते काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी