फिनलंडच्या शाळेत विज्ञान कसं शिकवतात, आणि त्यातलं आपल्याकडे काय जमेल?

तुमचा प्रश्न असा आहे: "मी बी.एड. करते आहे. फिनलंडमधलं विज्ञानशिक्षण प्रत्यक्ष पाहिलेलं इथं कुणी आहे का? तिथं नेमकं काय वेगळं आहे आणि आपल्या वर्गात त्यातलं काय जमेल?"

मी पाहिलं आहे. महाबळेश्वर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होते, तेव्हा २०२३ साली जानेवारी ते मार्च असे दहा आठवडे पाहुणी शिक्षिका म्हणून मध्य फिनलंडमधल्या युवास्क्युला या शहरात राहण्याची संधी मिळाली. काम एकच होतं: वर्गात मागं बसायचं आणि बघायचं. फिनिश मला येत नव्हती. शिक्षक थोडं थोडं इंग्रजीत सांगायचे, आणि मोठ्या वर्गातली मुलं तर आपणहून शेजारी येऊन समजावून द्यायची.

जानेवारीच्या शेवटी सहावीच्या वर्गाबरोबर मी तळ्यावर गेले. तिथं पहिली ते सहावी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूगोल आणि आरोग्य हे सगळं मिळून पर्यावरण अभ्यास असा एकच विषय असतो. सातवीपासून ते वेगळे होतात. सकाळचे नऊ वाजले होते, नुकतं उजाडत होतं, हवा उणे ११ अंश. बावीस मुलं, बाई आणि एक मदतनीस. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार दाभण. बर्फ फुटून पाण्यात पडलोच तर ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढून घ्यायचं. एका माणसाला निदान ५ सेंटिमीटर जाडीचा चांगला टणक बर्फ लागतो, हे तिथल्या पोराटोरांना पाठ असतं. मुलांनी हातानं फिरवायच्या मोठ्या गिरमिटानं भोकं पाडली, जाडी मोजली, ३५ सेंटिमीटर निघाली. मग दोरीला थर्मामीटर बांधून खाली सोडला.

पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं, म्हणून हिवाळ्यात तळाशी ४ अंशाचं पाणी राहतं आणि वर बर्फ असूनही मासे जगतात. हे आपल्याकडेही पाठ्यपुस्तकात आहे आणि मी ते दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. तीन मीटर खोलीवरचे मुलांचे आकडे मात्र आले १.८, २.६ आणि ३.१. कुणाचाच ४ नाही. एक मुलगा बाईंना म्हणाला, पुस्तकात तर ४ आहे. मी मनात उत्तर तयार करून बसले होते. बाई म्हणाल्या, "हो, पुस्तकात ४ आहे. तुमच्याकडे तीन वेगळे आकडे आहेत. आपण काय करायचं?" आणि गप्प राहिल्या. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण मला तो फार लांब वाटला.

दुसऱ्या दिवशी वर्गात तीनही आकडे फळ्यावर तसेच होते. एक मुलगी म्हणाली, थर्मामीटर वर ओढताना तो गार पाण्यातून येतो, म्हणजे आपण तळाचं तापमान वाचतच नाही. मग ते पाणीच वर आणायचं कसं? अर्धा तास नुसती चर्चा चालली. शेवटी दगड बांधलेली एक प्लॅस्टिकची बाटली, तिच्या बुचाला वेगळी दोरी: बाटली खाली गेली की दोरीला हिसका द्यायचा, बूच निघेल, तिथलंच पाणी भरेल. आठवड्यानं पुन्हा तळ्यावर. या वेळी सगळ्या गटांचे आकडे २.७ ते ३ च्या आत आले. एकमेकांशी जुळले, तरी ४ नाहीच. तेव्हा बाईंनी सांगितलं की शरद ऋतूत वारं तळं घुसळत राहतं, त्यामुळं वर बर्फ धरण्याआधीच सगळं पाणी ४ च्या खाली गार होऊ शकतं. पुस्तकातली आकृती शांत, वारा नसलेल्या तळ्याची होती. पुस्तक चूक नव्हतं आणि मुलंही चूक नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगवह्या डोळ्यांसमोर येत होत्या. आमचं गाव समुद्रसपाटीपासून १२०० मीटरवर आहे. उंचीनुसार हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. म्हणजे आमच्याकडे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. एकोणीस वर्षं माझ्या विद्यार्थ्यांनी वहीत १०० लिहिलं आणि मी त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण केली. काहींनी आधी ९६ लिहून खोडलेलं दिसायचं. खोडरबराचा तो डाग मी पाहिला होता आणि अक्षर नीट काढ असं सांगितलं होतं. तुम्ही शिक्षिका होणार आहात म्हणून हे तुम्हाला सांगते आहे.

तुमच्या "नेमकं काय वेगळं" याला माझं उत्तर हेच आहे. तिथं मुलाचा आलेला आकडा खोडत नाहीत. बाकी उपकरणं म्हणाल तर आपल्याकडच्या बऱ्या शाळेत असतात तशीच: चंचुपात्रं, स्पिरिटचे दिवे, तारांचे तुकडे, घासून फिके झालेले थर्मामीटर.

पण आकडा न खोडायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या बाईंना कुठून मिळतो हे मी शोधत राहिले. एक तर वर्ग लहान. आठवीच्या रसायनशास्त्राच्या तासाला अठरा मुलं होती, जोडीजोडीनं काम, चष्मा घातल्याशिवाय दिव्याजवळ जायचं नाही, आणि शेवटची दहा मिनिटं काचसामान धुऊन पुसून जागेवर ठेवण्यासाठी राखलेली. शिपाईमामा नाहीत. तासिका ४५ मिनिटांची, मध्ये १५ मिनिटांची सुट्टी, लहान मुलं उणे दहातही बाहेर खेळतात. शिक्षकालाही तेवढा वेळ पुढची मांडामांड करायला मिळतो. दुसरं म्हणजे नववी संपेपर्यंत बोर्डाची परीक्षाच नाही. ४ ते १० असे गुण वर्गशिक्षक किंवा विषयशिक्षक स्वतः देतात. देशभराची एकच मोठी परीक्षा, तीही बारावीच्या टप्प्यावर, आणि २०१९ पासून ती पूर्णपणे संगणकावर होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथं शाळा तपासणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि पाठ्यपुस्तकांना सरकारी मंजुरी घेण्याची पद्धतही त्याच सुमारास गेली. राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा आराखडा असतो (सध्याचा २०१६ पासून वर्गात आला), त्यावरून नगरपालिका आपला आराखडा करते, आणि पुस्तक कोणतं, क्रम कोणता, तळ्यावर एकदा जायचं की दोनदा, हे शिक्षक ठरवतो. मी एका सरांना विचारलं, पोर्शन पूर्ण झाला की नाही हे बघायला कोण येतं? त्यांना प्रश्नच कळेना. दोनदा समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "मीच बघतो. दुसरं कोण बघणार?"

असा विश्वास उगाच टाकत नाहीत, त्यामागं शिक्षकाची तयारी आहे. पहिलीच्या शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. सातवीपुढचा विज्ञानशिक्षक आधी विद्यापीठात आपला विषय शिकतो, प्रबंध लिहितो आणि वर्षभराएवढा अध्यापनशास्त्राचा अभ्यास करतो. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे तिन्ही विषय बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. तिन्हींची आद्याक्षरं जोडून अशा शिक्षकाला बोलीत 'माफ्युके' म्हणतात. युवास्क्युलाला या बाबतीत मान आहे, कारण फिनिश भाषेतलं पहिलं अध्यापक विद्यालय १८६३ साली इथंच सुरू झालं आणि ऊनो सिग्नेउस हे त्याचे पहिले प्रमुख होते. आजही तिथल्या विद्यापीठाला जोडलेली सराव शाळा आहे.

सराव पाठानंतरची एक चर्चा मी ऐकली. प्रशिक्षणार्थी मुलगा पाठ देऊन आला होता. मार्गदर्शक बाईंनी ना त्याचा फळा तपासला, ना आवाजाची पट्टी, ना शैक्षणिक साधन. पहिलाच प्रश्न होता: "खिडकीजवळच्या मुलीला विद्युत मंडल म्हणजे काय वाटतं, आणि ते तुला कशावरून कळलं?" त्याला सांगता आलं नाही. पुढचा सगळा तास त्या एका मुलीच्या वहीवर गेला. तुमच्या पाठ निरीक्षणात कुणी हा प्रश्न विचारला नाही तर तुम्ही तो स्वतःला विचारा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडे फिनलंडचं नाव घेतलं की स्वर्गाचं वर्णन सुरू होतं. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००६ साली विज्ञानात फिनलंडचे ५६३ गुण होते आणि तो देश जगात पहिला होता. २०२२ च्या चाचणीत ते ५११ वर आले. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या संघटनेच्या सदस्य देशांच्या ४८५ या सरासरीहून ते अजून वर आहेत, पण घसरण मोठी आहे आणि तिथले शिक्षक ती लपवत नाहीत. मुलगे मुलींच्या मागं पडतात आणि परदेशातून आलेल्या कुटुंबांतली मुलं त्याहून मागं राहतात. नववीच्या एका वर्गात चर्चा सुरू असताना मागच्या रांगेतले तिघे पूर्ण तास फोनमध्ये होते, आणि शिक्षक हताश होऊन बघत होते. (तासाला फोन वापरण्यावर बंधन घालणारा कायदा तिथं ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाला.) स्वतः शोधायला सांगण्याची पद्धत ज्याला आधीच थोडं येतं त्याला मानवते. ज्याचा पाया कच्चा आहे तो शांतपणे बुडतो. तिथं अशा मुलांसाठी विशेष शिक्षक आणि जादा तास आहेत. आपल्याकडे ते नसताना नुसती पद्धत उचलून आणली तर आपलीच कच्ची मुलं मार खातील, ही भीती मला खरोखर वाटते.

मग जमेल काय? माझ्या नववीत ५८ मुलं आहेत आणि बोर्डाची परीक्षा कुठं जात नाही. तळ्यावर आठवड्यानं पुन्हा जाण्याएवढा वेळ मला मिळणार नाही. मी तीन गोष्टी केल्या. प्रयोगवही पेनानं लिहायची, खोडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडायचे, 'बरोबर' आकडा मी आधी सांगायचा नाही. आणि वर्षातले सगळे प्रयोग असे करायला जायचं नाही, चारच निवडायचे, बाकीचे नेहमीसारखे. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं की बाई वहीत चुकीची उत्तरं का लिहून घेतात. त्यांना पातेलं, स्टोव्ह आणि थर्मामीटर समोर ठेवून दाखवलं. ते गवंडीकाम करतात. मापं घेण्याचं महत्त्व त्यांना माझ्यापेक्षा लवकर पटलं.

उत्कलनबिंदूच्या प्रयोगाला पहिल्या वर्षी ९६, ९५.५, ९६.५ असे आकडे आले आणि दोन गटांनी १०० लिहिलं. मी रागावले नाही, फक्त पुन्हा उकळायला सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांचाही ९६ आला. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, माझी आत्या महाडला असते. तिथं किती येईल?" महाड घाटाखाली, जवळजवळ समुद्राच्या पातळीला. मी म्हटलं, बघूया. शाळेचा थर्मामीटर कापसात गुंडाळून डब्यात घातला. दिवाळीच्या सुट्टीत तो तिच्याबरोबर एसटीनं आंबेनळी घाट उतरून गेला. आत्यानं चहाच्या पातेल्यात नुसतं पाणी ठेवलं, दोघींनी तीनदा मोजलं. सुट्टी संपल्यावर तिनं वही उघडून माझ्यापुढं धरली: महाड, ९९.५, ९९.५, ९९.