वाचकांचे प्रश्न : रिबनची शाई आणि हेडच्या पिना

प्रश्न : माझ्याकडे ९ पिनांचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. रिबन फिकी पडली तेव्हा मी तिच्यावर शिक्क्याच्या पॅडची शाई सोडली. काही दिवस छपाई ठसठशीत आली. आता मात्र प्रत्येक ओळीतल्या अक्षरांमधून एक बारीक पांढरी आडवी रेघ गेलेली दिसते आणि नवी रिबन घालूनही ती जात नाही. हेड बदलावे लागेल का?

उत्तर : हेड बदलण्याची घाई करू नये, ते वाचण्याची शक्यता बरीच आहे. आपल्या हेडमध्ये ९ पिना एकीखाली एक अशा उभ्या रांगेत आहेत आणि लगतच्या दोन पिनांमध्ये इंचाच्या ७२व्या भागाएवढे अंतर आहे. प्रत्येक पिनेमागे स्वतंत्र विद्युतचुंबक असतो. त्याला क्षणभर वीज मिळाली की पिन पुढे झेपावते, रिबन कागदावर आपटून शाईचा एक ठिपका उमटवते आणि स्प्रिंगच्या जोराने मागे येते. अशा ठिपक्यांची मिळून अक्षरे बनतात. छपाई चालू असताना हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. पांढरी रेघ दिसते याचा अर्थ यांतली एक पिन कागदापर्यंत पोहोचत नाही. रेघ अक्षराच्या कोणत्या उंचीवर आहे, यावरून ती पिन ओळखता येते. अक्षरे शाबूत असून फक्त अधोरेखन नाहीसे झाले असेल, तर दोष बहुधा सर्वांत खालच्या पिनेत असतो.

आपल्या बाबतीत संशय शाईवरच जातो. रिबनची शाई तेलात कालवलेली असते आणि ती कागद रंगवण्याइतकेच दुसरेही महत्त्वाचे काम करते : पिनांच्या टोकांना आणि त्या ज्या बारीक छिद्रांमधून ये-जा करतात त्यांना ती वंगण पुरवते. शिक्क्याची शाई बहुधा पाणी किंवा ग्लिसरीनसारख्या द्रवात केलेली असते. तिच्यात हे वंगण नसते, ती छिद्रांत सुकून चिकट थर धरते, आणि मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या जाडीच्या पिनेला अडवायला तेवढा थर पुरतो. हा उपाय काटकसरीचा म्हणून सर्रास सुचवला जातो, पण त्यात रिबन वाचते आणि हेड जाते. म्हणून आम्ही तो कोणालाही सुचवणार नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. यंत्र बंद करून वायर काढावी व हेड पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण छापून झाल्यावर ते हाताला चटका बसण्याइतके तापलेले असते. मग हेड सोडवून त्याचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर काही तास टेकवून ठेवावे आणि कापडावर शाईचे डाग उमटणे थांबेपर्यंत कापड बदलत राहावे. टाचणीने किंवा सुईने पिना ढकलून पाहण्याचा मोह आवरावा. वाकलेली पिन पुन्हा सरळ होत नाही. हेड कोरडे झाल्यावर नवी, मूळ शाईची रिबन घालून यंत्राची स्वचाचणी घ्यावी, म्हणजे संगणकाशिवाय यंत्राला स्वतःच्या स्मृतीतली अक्षरे छापू द्यावीत. बहुतेक प्रिंटरमध्ये कागद सरकवण्याचे बटण दाबून धरून यंत्र चालू केले की ती सुरू होते. रेघ तरीही कायम राहिली, तर मल्टिमीटरने नऊही विद्युतचुंबकांच्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचा, रोध मोजावा. एकीचाच आकडा वेगळा आला तर ती कॉइल गेली आहे; सगळे आकडे जुळले तर पिन तुटली असावी किंवा हेडकडे जाणारी चपटी केबल अथवा वीज सोडणारा ट्रान्झिस्टर निकामी झाला असावा. केबल आणि ट्रान्झिस्टर बदलता येतात, म्हणून हेडवर खर्च करण्यापूर्वी ते तपासलेच पाहिजेत.

पुढच्या खेपेसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नायलॉनची रिबन रात्रभर नुसती राहू दिली, तर ठोके बसून कोरड्या झालेल्या जागी आजूबाजूची शाई झिरपते आणि सकाळी छपाई थोडी गडद येते. मात्र कापडाला भोके पडली किंवा कडेचे धागे सुटले की रिबन लगेच टाकून द्यावी. पिन त्या धाग्यांत अडकते, हेड मात्र वेगाने पुढे सरकत असते, आणि तिथेच पिना मोडतात.

प्रश्न : कार्बनच्या चार प्रती काढताना शेवटची प्रत अगदी पुसट येते. हेड कागदाच्या आणखी जवळ घ्यावे का?

उत्तर : नाही. कागदांचा थर जाड झाला की हेड व रोलर यांतले अंतर लिव्हरने वाढवायचे असते. अंतर कमी केल्यास रिबन कागदाला घासून डाग पडतात आणि पिनेला वेग घेण्यापुरती जागाच उरत नाही. अंतर योग्य असूनही प्रत पुसट येत असेल, तर प्रतींची संख्या यंत्राच्या क्षमतेबाहेर आहे का ते माहितीपुस्तिकेत पाहावे. तिथल्या आकड्यात बहुधा वरचा मूळ कागदही धरलेला असतो.

प्रश्न : याच यंत्रावर इंग्रजी मजकूर झरझर छापला जातो, पण मराठी मजकुराला कितीतरी पट वेळ लागतो. यंत्रात दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. रोमन अक्षरांचे ठिपके यंत्राच्या स्मृतीत आधीच साठवलेले असतात, त्यामुळे संगणकाने केवळ अक्षराचा क्रमांक पाठवला तरी काम भागते. ८ इंचांच्या ओळीत नेहमीच्या आकाराची ८० अक्षरे मावतात आणि तेवढ्या ओळीला ८० बाइट पुरतात. १९८०मध्ये आलेला एप्सन एमएक्स-८० अशी ८० अक्षरे एका सेकंदात छापत असे. देवनागरी अक्षरे त्या स्मृतीत नसतील, तर मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो, आणि इंचाला ६० ठिपके धरले तरी ८ इंचांच्या एकाच फेरीसाठी ४८० बाइट लागतात. त्यातही एका बाइटमध्ये ८ ठिपकेच बसत असल्यामुळे चित्र छापताना नववी पिन सहसा स्वस्थ असते. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार, तर खाली उकार असतो. हे सगळे नीट वाचता येण्यासाठी ८ ठिपक्यांची उंची अपुरी पडते आणि एका ओळीसाठी हेडला दोन किंवा तीन फेऱ्या माराव्या लागतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये कागद किंचित जास्त सरकला, तर अक्षरातून पांढरी फट जाते. ती पहिल्या प्रश्नातल्या रेघेसारखीच दिसते, म्हणून हेड सोडवण्याआधी स्वचाचणीतली अक्षरे अवश्य पाहावीत. ती अखंड असतील, तर पिना ठीक आहेत आणि कागद ओढणारे दाते किंवा रोलर साफ करणे एवढेच काम उरते.