सोलापूरच्या उन्हाळ्यात ॲल्युमिनियमचा नेक

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि मित्रांच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. दर उन्हाळ्यात गिटारचा लाकडी नेक (तारांखालचा लांब दांडा) बिघडतो आणि फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके हाताला टोचू लागतात. ॲल्युमिनियमचा नेक असलेली एक जुनी गिटार विकायला आहे. ती घ्यावी का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या गिटारचे फ्रेट वाढलेले नाहीत, लाकूड आटले आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. तेव्हा फ्रेटबोर्डमधील, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीतील, ओलावा उडून जातो, ती फळी रुंदीला आकसते आणि धातूचे फ्रेट होते तेवढेच राहिल्याने त्यांची टोके केसभर बाहेर येतात. पावसाळ्यात तेच लाकूड पुन्हा फुगते.

ॲल्युमिनियमला ओलाव्याची बाधा नाही. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीन यांनी १९७४ च्या सुमारास असे नेक बनवण्यास सुरुवात केली. पुढे क्रेमर कंपनीने नेकच्या पाठीत लाकडी पट्ट्या बसवून वजन आणि हाताला लागणारा गारठा, दोन्ही कमी केले. मात्र उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या, म्हणजे तारांच्या, जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. वातानुकूलित खोलीतून गिटार मांडवात नेली आणि तापमान १५ अंशांनी वाढले, तर तारेच्या ६४८ मिलिमीटर लांबीमागे ॲल्युमिनियम सुमारे ०.२ मिलिमीटर वाढते. डोळ्यांना न दिसणारा हा फरक कानाला लगेच कळतो : बारीक तारा आधी तापून सूर उतरतो, आणि जाड नेक सावकाश तापून लांबला की त्याच तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा सूर जुळवण्याची तयारी असेल, तरच ही गिटार घ्यावी.

आपल्या हवेला माझ्या मते कार्बन फायबरचा नेक अधिक मानवेल, कारण तो ओलाव्याने फुगत नाही आणि उष्णतेने जवळजवळ लांबत नाही. अवकाश उद्योगात काम केलेले जेफ गूल्ड यांनी १९७० च्या दशकातच तो बास गिटारवर आणला आणि नेड स्टाइनबर्गर यांनी पुढे जवळजवळ सगळे वाद्यच त्या पदार्थाचे बनवले. या नेकची घट्ट ठेवण तारेचे कंपन कमी शोषून घेते, त्यामुळे स्वर अधिक वेळ टिकतो. काहींना तो कोरडा वाटतो, मला स्वच्छ वाटतो.

जुनी गिटार पाहायला जाल तेव्हा तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीहून फट जास्त दिसली तर व्यवहार सोडून द्या, कारण अशा बहुतेक जुन्या नेकमध्ये ट्रस रॉड (बाक सुधारण्यासाठी आत बसवलेली सळई) नसतो आणि बाक काढण्याची सोय राहत नाही.

नवा नेक परवडत नसेल, तर आहे त्याच गिटारच्या फ्रेटची टोके जाणत्या कारागिराकडून घासून घ्या, पण हे काम मे महिन्यातच करा. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असताना घासलेली टोके पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर येतील.