मिलिटरी स्पेशल आणि फलाटावरची माणसं

प्रश्न : अमेरिकेचा १९४३चा 'ट्रूप ट्रेन' हा युद्धपट पाहिला. चिलखती (रणगाड्यांची) डिव्हिजन रेल्वेने हलवायची, सगळा भर त्यावरच. यात प्रचार कुठे आला? आपल्याकडे असलं काही दाखवत का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अहो, असले पट फलाटावर ताटकळणाऱ्यांसाठी असत. १९४२त जपानने मलाया घेतला, रबर तुटलं, टायर मिळेनात, मोटारीवाले रेल्वेकडे वळले. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुड्या तेलाची जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा तेलही रुळांवर आलं. लष्कराच्या तुकड्यांची तिथली सुमारे ९७ टक्के ने-आण रेल्वेनेच झाली. साध्या पॅसेंजरला जागा कुठून मिळणार? 'घरी बसा' म्हटलं तर तो चिडतो. रणगाडे लादलेली गाडी दाखवली की मुकाट्याने बसतो.

मी मीटरगेजवर, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या गाडीवर, गार्ड होतो. इंदूरजवळच्या महू छावणीत मिलिटरी स्पेशल, म्हणजे लष्कराची खास गाडी, भरताना पुष्कळदा पाहिली. पडद्यावर ट्रक वाघिणीवर (मालडब्यावर) चढला की संपलं. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. चाकांना लाकडी पाचरी, पाचरींना खिळे, मग साखळी हाताने ओढून बघायची. एकदा एक साखळी हातात हलली. पुढे पातालपाणीच्या घाटाचा उतार! मी झेंडी दाखवली नाही. साहेब तणतणले, गाडी तेवीस मिनिटं लेट. ती तेवीस मिनिटं कोणता प्रचारपट दाखवेल?

आपल्याकडे १९४०त युद्धप्रचाराच्या फिल्मांसाठी सरकारचं फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड निघालं. काही काळ आपले व्ही. शांताराम त्यात होते. १९४३त इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आलं आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या थिएटरांना २००० फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवणं सक्तीचं झालं. म्हणजे वीस-बावीस मिनिटं. आमचे वडील महूला सिनेमाला जात, तेवढ्यात बाहेर उभं राहून विडी संपवत. सक्ती दाखवण्याची होती, बघण्याची नव्हे!

खरा पट निघायला हवा होता आसामवर, बर्मा-चीन आघाडीची रसद तिथूनच जायची. १ मार्च १९४४ला अमेरिकन लष्कराने बंगाल-आसाम रेल्वेचा ८०४ मैलांचा मीटरगेज मार्ग चालवायला घेतला. कलकत्त्याहून ब्रॉडगेजने (रुंद रुळांवरून) आलेला माल वाटेत उतरवून मीटरगेजवर चढवायचा, पुढे आमीनगावला ब्रह्मपुत्रेवर पूल नाही, तिथे फेरी. हे कॅमेऱ्यात फारसं शोभत नाही. पण मुंबईहून येताना खंडव्याला उतरून, ट्रंक नि वळकटी डोक्यावर घेऊन छोट्या गाडीकडे पळालेल्या इंदूरकराला विचारा.