ठरावापासून तळ्यापर्यंत

प्रिय बाळा,

सप्रेम जय भीम.

तुझा मेल दोनदा वाचला. सिएटलसारखाच शेजारच्या बेल्व्यूतही जातिभेदाविरुद्ध शहराचा कायदा व्हावा म्हणून तुम्ही सातआठ जण जमता आहात, मसुदाही लिहून झालाय, आता फक्त सह्या गोळा करायच्या, असं म्हणतोस. मसुदा तूर्त कपाटात ठेव. रागावू नकोस, तुमचा उत्साह मोडायला हे लिहीत नाहीये. पण मसुदा हा या कामातला सगळ्यात सोपा भाग असतो, आणि आपण शिकलेली माणसं नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

(आणि हो, गावाकडे फोनवर सांगताना ‘वटहुकूम’ म्हणू नकोस. इथे शहराच्या कायद्याला ऑर्डिनन्स म्हणतात आणि शब्दकोशात त्याला तोच शब्द सापडतो, पण आपल्याकडे वटहुकूम म्हणजे सभागृह बसलेलं नसताना राष्ट्रपतीने किंवा राज्यपालाने काढलेला हुकूम. इथे निवडून आलेलं कौन्सिल चर्चा करून, मत देऊन करतं तो कायदा.)

तुमची मागणी रास्त का आहे, ते नकाशावरच दिसतं. सिएटलचा कायदा २१ फेब्रुवारी २०२३ ला झाला, सहा विरुद्ध एक मताने. नोकरी, घर, दुकानं-हॉटेलांसारख्या सार्वजनिक जागा यांत जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तो मांडणाऱ्या तेव्हाच्या कौन्सिल सदस्य क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, त्यामुळे आपल्याकडच्या पेपरांनीही बातमी चवीने छापली. पण हा कायदा चालतो सिएटलच्या हद्दीपुरता. लेक वॉशिंग्टनवरचा पूल ओलांडला की संपला. आणि आपली किती माणसं राहतात, काम करतात ती पुलाच्या तुमच्या बाजूला, बेल्व्यूत, रेडमंडला.

म्हणून पहिलं काम हे: तुमच्या शहराच्या नियमांत ‘अमुक कारणावरून भेदभाव करू नये’ अशी यादी कुठे कुठे आहे ते शोध. सिएटलमध्ये अशी यादी आधीपासून होती. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व वगैरे. तिच्यात एक शब्द घातला, त्याची व्याख्या दिली, संपलं. तुमच्याकडे यादी किती लांब आहे आणि तक्रार आली तर ती कोण घेणार, हे आधी बघ. सिएटलकडे त्यासाठी नागरी हक्कांचं स्वतंत्र कार्यालय आहे. तुमच्या मसुद्यात नऊ पानं आहेत आणि तक्रार कोणत्या टेबलावर द्यायची, ते एकाही पानावर नाही.

दुसरं, मतं मोज. सिएटलच्या कौन्सिलमध्ये नऊ जण, त्यातले सात आपापल्या वॉर्डातून येतात. तुमच्याकडे सात जण आणि सातही जण अख्ख्या शहरातून. म्हणजे तू एकटा सातही जणांचा मतदार आहेस. ही चैन सिएटलमध्ये आम्हाला नव्हती. चार मतं पुरतात. प्रत्येकाला भेटा, आणि पहिल्या भेटीत काही मागू नका. त्यातल्या बहुतेकांनी जात हा शब्द शाळेच्या पुस्तकात चार ओळींत वाचलेला असतो. त्यांना मनुस्मृतीपासून सांगायला बसलात तर दहाव्या मिनिटाला ते घड्याळ बघतील. त्यांना आडनावाची गोष्ट सांगा. नवीन माणूस ऑफिसात आला की आपला देशी सहकारी नाव विचारतो, मग आडनाव, आडनावावरून कळलं नाही तर गाव, गावावरूनही कळलं नाही तर ‘घरी नॉनव्हेज चालतं का?’ आणि एवढ्यानेही भागलं नाही तर पाठीवर थाप मारायच्या निमित्ताने हात जानवं चाचपतो. हे ऐकल्यावर त्यांना व्याख्या लागत नाही.

ते एक प्रश्न मात्र नक्की विचारतील: वंश, मूळ देश यांत हे आलंच ना, मग वेगळा शब्द कशाला? कॅलिफोर्नियात २०२३ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी हेच कारण देऊन, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं जातिभेदाविरुद्धचं विधेयक परत पाठवलं. याचं उत्तर साधं ठेव. भेदभाव करणारा आणि सोसणारा दोघेही एकाच देशाचे, बरेचदा एकाच राज्याचे, एकच भाषा बोलणारे. एचआरमधली बाई यादी बघते, तिला त्यात काही सापडत नाही, ती फाइल मिटते.

एकाच खटल्यावर मात्र सगळी भिस्त ठेवू नकोस. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर आणि तिच्या दोन इंजिनिअरांवर जातिभेदाचा दावा लावला, तेव्हा आम्ही सगळीकडे तेवढंच उदाहरण देत होतो. कंपनीने आरोप नाकारले. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये खात्याने त्या दोन इंजिनिअरांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. विरोधकांनी अर्धीच बातमी फिरवली आणि आमच्या हातात दुसरं काही नव्हतं.

विरोधकांविषयीही थोडं. तुझ्या मेलमध्ये त्यांना एक शिवी आहे, ती काढून टाक. त्यांच्यात दोन प्रकार असतात. एकाला जात आहे हेच मान्य नसतं, त्याच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नकोस. दुसऱ्याला खरोखर भीती असते, की उद्या माझ्या मुलीला वर्गात ‘तुझी जात कोणती’ असं विचारतील, आमच्याकडेच बोट दाखवतील. अशी भीती असलेल्या एखाद्या बाईशी बसून चहा घे. कायदा कुणाचीही जात विचारत नाही आणि कुठल्या धर्माचं नावही घेत नाही, हे मजकूर समोर ठेवून दाखव. आपल्या उपखंडातल्या ख्रिश्चनांत, मुसलमानांत, शिखांतही जात आहे, हे तिलाही ठाऊक असतं. ती बाजू बदलणार नाही कदाचित. पण सभेला येऊन विरोधात बोलणारही नाही, आणि चार मतांच्या हिशेबात तेवढं पुष्कळ झालं.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले ते.

सिएटलचं मत झालं त्या मंगळवारी सिटी हॉलबाहेर सकाळपासून रांग होती. थंडी मरणाची. माझ्याकडे थर्मासभर चहा होता, तो दोन्ही बाजूंच्या लोकांनी प्यायला. आमच्यात एक मुलगा होता, तुझ्याच वयाचा, एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीवर टिकलेल्या व्हिसावर. तो नुसता बसायला आला होता. मी त्याला म्हटलं, तूही बोल, तुझ्यासारख्यानेच बोलायला पाहिजे. तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. मावशी म्हणतात मला, मावशीला तिसऱ्यांदा नाही कसं म्हणणार? तो उठला, नाव सांगितलं, जात सांगितली, जेमतेम मिनिटभर बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत ती क्लिप त्याच्या टीममधल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली होती. कुणी काही बोललं नाही. पुढच्या सोमवारी तो डबा घेऊन नेहमीच्या टेबलावर गेला, तर टेबल रिकामं. दोन वर्षं ज्यांच्याबरोबर जेवला, त्यांनी जेवणाची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेतली होती. याची तक्रार कुठे करणार? जेवायची वेळ कुणी कधी ठरवावी यावर कायदा नाही, आणि असूही नये.

त्याने मला हे आठ महिन्यांनी सांगितलं. तोवर मी त्या भाषणाचं कौतुक सगळीकडे करत होते.

तेव्हा तुमच्यापैकी कोण बोलणार ते ठरवताना प्रत्येकाला एकट्याला गाठून विचार, घोळक्यात नको. व्हिसा कसला, मॅनेजर कोण, घर कुणाबरोबर शेअर केलंय, हे विचार. नको म्हटलं तर पुन्हा विचारू नकोस. लिहून द्यायला सांग, नाव न घालता, आणि ते वाचायला ग्रीनकार्डवाली, नागरिक झालेली, आमच्यासारखी पिकली पानं उभी कर. आम्हाला आता कोण काय करणार आहे? तथाकथित वरच्या जातींतले मित्र असतील तर त्यांनाही उभं कर. ‘मला हे कधी दिसलं नाही, कारण मला बघावं लागलं नाही’ एवढंच एकाने प्रामाणिकपणे म्हटलं तर पुरे.

आणि समजा मत झालं, चार-तीनने का होईना जिंकलात. माझं माहेर महाडपासून तासाभरावर. लहानपणी आजोबा २० मार्चला चवदार तळ्यावर न्यायचे. गर्दीतून वाट काढत पायऱ्या उतरायचो आणि ते म्हणायचे, पी. मी म्हणायचे, तहान नाही. ते म्हणायचे, तरी पी. त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही, मी पुढे वाचून समजून घेतलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ ला झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या सुरुवातीला तळं सर्वांना खुलं केलं, तेही कागदावर. तीन वर्षं तिथे आपलं कुणी पाणी प्यायला गेलं नाही. १९२७ ला बाबासाहेबांबरोबर लोक गेले, प्यायले, मार खाल्ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या खटल्यात कोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूने यायला १९३७ साल उजाडलं.

सिएटलच्या कायद्यालाही लगेच कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं. म्हणून मत झालं त्या रात्री पेढे वाटा, आणि दुसऱ्या दिवशीची यादी आधीच करून ठेवा: ऑफिसांतल्या नोटीस बोर्डावर कागद कोण लावणार, एचआरच्या ट्रेनिंगमध्ये तो शब्द घालायला कोण सांगणार, पहिला तक्रारदार आला तर त्याच्याबरोबर कोण जाणार. आजही तळ्यापर्यंत चालत जाणारी माणसं लागतात, फक्त रस्ता कार्पेटचा आहे.

रविवारी ये. शहराच्या नियमांतली ती यादी छापून आण, मोठ्या अक्षरात, माझा चष्मा बदलायचा राहिलाय. झुणका-भाकरी करते. तो मुलगाही येणार आहे. क्लिपचं त्याला विचारू नकोस. त्याने स्वतःहून काढलं तर ऐक.

तुझी,
मावशी